पिशवीनं धरलेली जागा

मला आनंद व्हायला फार काही लागत नाही. नळाला ठरल्या वेळी पाणी आलं की मी हरखते. पोस्टात दोरीनं बांधून ठेवलेलं पेन पहिल्याच फटक्यात उमटलं, तर घरी येऊन तीन जणांना सांगते. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर ग्रामपंचायतीनं दिवा लावला तेव्हा आमचे हे म्हणाले, "आता ही आरतीचं ताट घेऊन जाती बघा." मी ताट नेलं नाही. नुसती खाली उभी राहून पाच मिनिटं बघून आले. राग आला तर तोही असाच लगेच येतो, पण तो टिकत नाही, आनंद मात्र दोन-दोन दिवस पुरतो.

मी शिरड शहापूरला अंगणवाडीत बाई आहे. बावीस वर्षं झाली. अर्ध्या गावाला मी झोळीत घालून तोललंय, त्यामुळं मोठमोठ्या मिशांची पोरंसुद्धा माझ्यापुढं जरा दबून असतात. आता सगळी वजनं मोबाइलात भरायची असतात. पूर्वी रजिस्टर असायचं: नाव, वय, वजन आणि शेवटी शेऱ्याचा एक रकाना. त्या रकान्यात "साधारण" किंवा "वजन कमी" एवढंच लिहायचं असतं हे मला नोकरीच्या सुरुवातीला कोणी नीट सांगितलं नव्हतं. मला वाटलं, रकाना दिलाय तर भरावा.

म्हणून मी भरला. "चप्पल काढायला तयार नाही. चपलेसकट वजन. चप्पल नवी आहे." एका पोराचं लिहिलं, "खिशात बोरं निघाली. बोरं काढून पुन्हा तोलला. बोरं मी खाल्ली." एकाचं, "गैरहजर. मामाच्या गावाला गेला. वजनही तिकडंच." तपासणीला सुपरवायझर मॅडम आल्या, त्यांनी पान उलटलं, आणखी एक उलटलं, आणि चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "हे सरकारी रजिस्टर आहे की गप्पा मारायची ओसरी?" गावातल्या चार बायकांदेखत. मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. दोन दिवस बसून मी दुसरं कोरं रजिस्टर स्वच्छ उतरवून काढलं, सगळ्यांच्या पुढं "साधारण" नाहीतर "वजन कमी".

बिघडवलेलं रजिस्टर माझ्याकडंच राहिलं. रागाच्या भरात ते मी उलटं केलं आणि मागच्या पानापासून कविता लिहायला लागले. आता मॅडमना दाखवतेच, खरं साहित्य काय असतं ते, असा माझा बाणा होता. चंद्रावर लिहिल्या, विरहावर लिहिल्या, समुद्रावर तर सात लिहिल्या. समुद्र मी अजून बघितलेला नाही. सिद्धेश्वरचं धरण बघितलंय, तेही भरलेलं असताना, त्यावरून अंदाज घेतला. विरहाचंही तसंच. आमचे हे एकदा चार दिवस हळद घेऊन वसमतला अडकले होते, तेवढाच काय तो अनुभव.

अशी वर्षं गेली. घरात कोणाला दाखवायची हिंमत नव्हती. पण हिंगोलीच्या वाचनालयाच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे, तिच्यावर खडूनं लिहिलंय, "लिहा आणि टाका." कोणीही यावं, कागद टाकावा. एकदा मीटिंगला गेले होते, तेव्हा मी समुद्राची एक टाकली आणि चोरासारखी पळाले. खाली नाव आणि नंबर मात्र लिहिला होता. दीड महिन्यानं तिथल्या ग्रंथपालांचा फोन आला. "बाई, रविवारी दोन वाजता आपल्याकडं कवितावाचन आहे. पाच मिनिटं तुमची."

पाच मिनिटं माझी! त्या आनंदात मी खिचडीत मीठ दोनदा घातलं. लेकरांनी काही तक्रार केली नाही, लेकरं मोठ्या मनाची असतात.

रविवारी सकाळी मी कापडी पिशवीत रजिस्टर घातलं, सोबत चष्मा आणि भाकरीचा डबा. कवितांची दुसरी प्रत नव्हती. एकही कविता पाठ नव्हती. मी तोंडी हिशोब करते, गाणी म्हणते, पण स्वतःचं लिहिलेलं मला एक ओळ आठवत नाही. म्हणजे माझी वीस वर्षं त्या पिशवीत होती आणि पिशवी खांद्यावर होती.

जीपनं औंढ्यापर्यंत आले. स्टँडवर ही गर्दी. नागनाथाला आलेली माणसं, लग्नाला निघालेली माणसं, आणि कुठं निघालो ते विसरलेली काही माणसं. हिंगोलीची गाडी लागलेली होती आणि दाराशी खेचाखेच चालली होती. मी काय दाराशी जाते? बावीस वर्षांचा प्रवास आहे माझा. मागच्या बाजूला गेले, उघडी खिडकी हेरली आणि पिशवी आत सोडली. रजिस्टर जड, त्यामुळं पिशवी बराबर सीटवर बसली. झालं. आमच्याकडं रुमाल टाकला, टोपी टाकली, पिशवी टाकली, की जागा झाली. त्या जागेवर मग तहसीलदार आला तरी बसत नाही.

जागा झाल्यावर माणूस निवांत होतो. मी चहा घेतला. चहा संपेपर्यंत गाडी घुरघुरायला लागली आणि मागे यायला लागली. मागे एक मोटरसायकल उभी, बाजूला उसाच्या रसाचा गाडा. कंडक्टर दाराच्या गर्दीत अडकलेला. आता अशा वेळी गप्प बसेल ते माणूस कसलं? मी पेला ठेवला, पदर खोचला, गाडीच्या मागं उभी राहिले आणि हात हलवायला लागले. "येऊ द्या, येऊ द्या! थांबा! डावीकडं घ्या! आता येऊ द्या!" मोटरसायकलवाल्याला ओरडून बाजूला केलं. रसवाल्याला गाडा सरकवायला लावला. ड्रायव्हर आरशात बघून माझं अगदी ऐकत होता. शेवटी गाडी मोकळ्यात आली, तेव्हा मी तिच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "हं, जाऊ द्या आता!"

आणि गाडी गेली.

मला वाटलं, वळून फलाटाला लागेल. मी तिच्याकडं कौतुकानं बघत उभी होते. गाडी फाटकातून बाहेर पडली, हिंगोली रस्त्याला लागली, तरी मी कौतुकानंच बघत होते. रसवाला म्हणाला, "मावशी, तुमाला जायाचं न्हवतं का त्या गाडीनं?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. स्वतःच्या हातानं, मागचं-पुढचं बघून, थाप मारून मी माझ्या कविता रवाना केल्या होत्या. इतकी हसू येण्यासारखी गोष्ट आणि मला रडू कोसळलं. साडेबारा वाजत आले होते. दोन वाजता माझी पाच मिनिटं होती आणि वाचायला काहीच नव्हतं.

मी कंट्रोलरच्या खिडकीशी धावले. त्यांच्यापुढं चार जण उभे होते, पण माझं तोंड बघून चौघंही बाजूला झाले. कंट्रोलर म्हणाले, "पिशवीत काय हाय? दागिना?"

"कविता हायत."

त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. मला वाटलं, आता हसतील. ते म्हणाले, "सगळ्या?"

"सगळ्या."

"मग तर अवघड हाय," असं म्हणून त्यांनी फोन उचलला. त्या गाडीच्या कंडक्टरचा नंबर त्यांच्याकडं नव्हता. त्यांनी हिंगोलीच्या स्टँडवर लावला, तिथं कोणी उचलेना. पुन्हा लावला. मग मला म्हणाले, "बाई, पाव तासानं दुसरी गाडी हाय. तुमी तिनं निघा, मी लावत राहतो. काई तकलीफ करून घेऊ नका." त्या माणसाचं आणि कवितेचं काही देणंघेणं नव्हतं. तरी तो लावत राहिला. त्या दिवसापासून औंढ्याच्या स्टँडवरून जाताना मी त्या खिडकीकडं बघून मान लववते. आत कोणी नसलं तरी.

दुसऱ्या गाडीत मला जागा मिळाली नाही. टाकायला पिशवीच नव्हती! दांडा धरून उभी राहिले आणि कविता आठवायला लागले. "अथांग निळ्या..." निळ्या काय? पुढं काही येईना. शेजारच्या बाईनं विचारलं, काहून तोंडातल्या तोंडात बोलून राहिल्या? मी सगळं सांगितलं. मग पुढच्या सीटवरच्यांनी विचारलं, म्हणून पुन्हा सांगितलं. थापा मारल्याच्या जागी पहिल्यांदा गाडी हसली, दुसऱ्यांदा मीही हसले. आणि तेवढ्यात माझा फोन वाजला.

"बाई, मी बोलून राहिले." आवाज ओळखीचा. आमच्याच गावातली पोरगी, हिंगोलीला कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, रविवारीही क्लासला जाऊन-येऊन करते. "तुमची पिशवी माझ्यापाशी हाय. म्हंजी माझ्यापाशी न्हाई, सीटवर हाय. मी बाजूला उभी हाय."

"आत रजिस्टर हाय का?"

"हाय ना. कंडक्टर वाचून राहिले."

"काय वाचून राहिले?"

मागून पुष्कळ माणसं एकदम हसल्याचा आवाज आला. "थांबा बाई," ती म्हणाली, "बोरांचं चाललंय," आणि फोन बंद झाला.

पुढचं मला हिंगोलीच्या स्टँडवर कळलं. ती पिशवी छातीशी धरून उभी होती आणि मला सांगायची तिला इतकी घाई होती की तिनं सुरुवात मधूनच केली. मी तिला धरून ओट्यावर बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लावलं.

गाडी खच्चून भरलेली. दारापर्यंत माणसं उभी. आणि मधोमध खिडकीशी एक सीट, तिच्यावर माझी पिशवी एकटीच बसलेली. बाजूला एक म्हातारबाबा उभे, एक बाई गाठोडं घेऊन उभी, ही पोरगी उभी. कंडक्टर तिकीट काढत तिथं आला आणि म्हणाला, "काहून उभे राहिलात? जागा हाय की."

बाबा म्हणाले, "पिशवी हाय तिथं."

"पण माणूस न्हाई ना!"

"पिशवी हाय म्हंजी माणूस हाय. येईल."

"बाबा, गाडी चालू हाय. येईल कुठून?"

बाबांनी विचार केला म्हणे, पण बसले नाहीत. कोणीच बसलं नाही. कंडक्टरला शंका आली, बेवारशी पिशवी म्हणजे उघडून बघायला पाहिजे. त्यानं उघडली. डबा, चष्मा, रजिस्टर. रजिस्टरच्या पुठ्ठ्यावरचं गावाचं नाव कधीच पुसलेलं. मालक कोण ते कळावं म्हणून त्यानं पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एक नाव, वजन, आणि शेरा. दुसरं नाव, वजन, शेरा. "चप्पल नवी आहे" वाचल्यावर गाठोडंवाली हसली. तो पुढं वाचत गेला. गाडीतला गलका कमी झाला, मागच्यांनी ओरडून सांगितलं, जरा मोठ्यानं.

आणि मग त्यानं या पोरीचं नाव वाचलं. "वय अकरा महिने. वजन सहा किलो दोनशे." त्यापुढं मी लिहिलं होतं: "वजन कमी. काट्याच्या झोळीत टाकली तर हसली. हसण्याचं वजन धरलं नाही."

"ती मी हाय," पोरगी म्हणाली.

सगळी गाडी तिच्याकडं बघायला लागली. अकरा महिन्यांची सहा किलोची पोरगी दांडा धरून उभी होती, चांगली उंचपुरी, खांद्याला कॉलेजची बॅग. म्हातारबाबा म्हणाले, "मंग आता जगली म्हणायची!" आणि कोणीतरी टाळी वाजवली. टाळीला टाळी लागली. तिनंच मग सांगितलं, की हे शिरड शहापूरच्या अंगणवाडीच्या बाईचं रजिस्टर आहे, आणि लगेच मला फोन लावला. त्यानंतर लोकांनी कंडक्टरला थांबू दिलं नाही. प्रत्येक थांब्यावर तिकिटं काढायची आणि पुन्हा रजिस्टर उघडायचं.

"आणि मागच्या?" मी विचारलं. "मागच्या बाजूनं वाचलं का काई? समुद्राचं?"

"वाचलं ना एक. अर्धं."

"मग?"

"बाबा म्हणले, ते ऱ्हाऊ द्या, लेकरायचं वाचा."

मला आधी रागच आला. सात कविता लिहिल्यात समुद्रावर, आणि कोण कुठले बाबा! पण राग पुरता यायच्या आत मला हसू फुटलं आणि ते काही केल्या थांबेना. पोटात दुखायला लागलं. पोरगीही हसायला लागली. स्टँडवरची माणसं बघायला लागली, तर आम्ही आणखीच हसलो. वीस वर्षं ज्याची लाज धरून बसले ते गाडीभर लोकांनी उभ्यानं ऐकलं होतं, आणि ज्याचा तोरा मिरवायला निघाले होते ते अर्ध्यावर बंद करायला लावलं होतं.

पावणेदोन झाले होते. आम्ही वाचनालयाकडं जवळजवळ पळत गेलो. वाटेत आठवण आली म्हणून औंढ्याला फोन करून कंट्रोलरना सांगितलं, सापडली. ते म्हणाले, "सगळ्या हायत ना? मोजून घ्या."

वाचनालयात मी तोंड धुवायला गेले तेवढ्यात खुर्च्या भरल्या. परत आले तर पुढच्या ओळीत एक खुर्ची रिकामी, तिच्यावर माझी पिशवी ठेवलेली. पोरगी दाराशी भिंतीला टेकून उभी. मी तिला खुणेनं बोलावलं, तिनं खुणेनंच सांगितलं, बसा तुमी.

माझं नाव पुकारलं. ग्रंथपाल म्हणाले, आता एक नवीन कवयित्री समुद्रावरच्या कविता सादर करतील. मी उठले, चष्मा लावला, रजिस्टर मागच्या बाजूनं उघडलं. "अथांग निळ्या लाटांनो" असं होतं ते. मी ती ओळ बघितली आणि दाराकडं बघितलं. ती औंढ्यापासून उभी होती. रिकाम्या सीटच्या शेजारी आख्खा रस्ता उभी राहिली होती आणि इथंही उभी होती. मी रजिस्टर फिरवलं, पुढून उघडलं आणि म्हणाले, "समुद्र मी बघितलेला नाही. लेकरं बघितलीत. तीच वाचते."

मग वाचलं. चप्पल, बोरं, मामाचं गाव. "पाव किलो वाढलं. आई आणि मी दोघी नाचलो." "वजन घटलं. आई सोयाबीन काढायला जाते, घास भरवायला कोणी नाही. उद्यापासून मी भरवते." लोक हसत होते, मध्येच गप्प होत होते, पुन्हा हसत होते. आवाज कापत होता, पण आनंदानं कापत होता, ते मला कळत होतं. पाच मिनिटांची बारा झाली. ग्रंथपालांनी घंटी वाजवायला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. शेवटी मी तिचा शेरा वाचला, नाव घेतलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते, मी दाराकडं.

कार्यक्रम संपल्यावर वाचनालयाच्या पायरीवर आम्ही दोघींनी डब्यातली भाकरी खाल्ली. माझ्या अंगात असा काही आनंद भरला होता, की समोरून गेलेल्या प्रत्येक रिक्षावाल्याला थांबवून सांगावंसं वाटत होतं. तिनं रजिस्टर मांडीवर घेतलं आणि आपलं पान काढलं. तिच्या नावाखाली एक ओळ कोरी होती.

"बाई, पुढचं लिहिलंच न्हाई माझं."

मी पेन काढलं. नाव लिहिलं, वय लिहिलं. वजनाचा रकाना सोडला आणि शेऱ्यात लिहिलं: "औंढ्यापासून उभी आली. बाईची जागा कुणाला घेऊ दिली नाही."

तिनं वाचलं. बराच वेळ वाचत राहिली, ओळ तर एवढीशीच होती. मग रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "वजन राहिलं की." आणि हसली, अगदी त्या झोळीतल्यासारखी.

मी तिथं लिहिलं: "हसण्यासकट बराबर."

मग आम्ही डबा बंद केला आणि स्टँडकडं निघालो. परतीच्या गाडीत जागा धरायची होती, दोन.